बांडगूळ

माघ उतरणीला लागतो,
पावण्याच्या कंपन्यांकडून रात्री येणारा वास
जरासा पातळ होतो,
आणि अप्पा खाली जाऊन बसायला लागतात.
कोपरखैरणे. सिडकोनं रेघा मारायच्या आधीपासूनचा
एक आंबा, आमच्या इमारतीला खेटून.
त्याच्याखाली कुणीतरी टाकून दिलेली
ऑफिसची खुर्ची, चाकं नसलेली.

त्यांना वर्षातलं पहिलं हळदीकुंकू बघायचं असतं.
बायकांचं नव्हे.
फुलपाखरू.

तेहतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात
शेड जुळवत बसलेला माणूस.
"ह्या लालात थेंबभर निळा उतरलाय,"
असं म्हणत आईच्या साड्या
दुकानात परत नेऊन देणारा.
आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध
एकेक धुरकट नाणं येऊन बसलंय.
समोरच्याचा चेहरा जातो, कान तेवढे राहतात.
मी आले की ते माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघतात
तेव्हा मी त्यांना दिसत असते.

आंब्याच्या दोन फांद्यांवर बांडगूळ आहे.
सोसायटीच्या सभेत विषय क्रमांक सहा.
लहानू कोयता कमरेला लावून आला
तरी अप्पा खुर्चीवरून उठले नाहीत.
म्हणाले, "त्याची पोरं ह्याच पानांवर जगतात."
"कोणाची?"
"आहेत एकाची."
मढवी सेक्रेटरी समजुतीनं म्हणाले,
काका, अशानं झाड वाळेल.
"वाळेल ना. सावकाश वाळेल.
मला पुरेल."

त्या रात्री भात कालवता कालवता
"मी तरी वेगळा काय" असं काहीतरी पुटपुटले
आणि मी आमटीची वाटी
हवी त्यापेक्षा जोरात ठेवली.
बांडगूळ हा शब्द आपल्याकडे
झाडांपेक्षा माणसांनाच जास्त चिकटलाय.

मग रविवारी सकाळी
मी तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालत होते.
खालून हाक आली, "आलं गं!"
वाकून बघितलं.
शेंड्याजवळ एक पांढरं फडफडत होतं,
काळ्या शिरांचं, साधंसं.
"अप्पा, ते पांढरं आहे!"
"पिवळं!" खालून.
"पांढरं!"
"पिवळं, आणि कडेला कुंकू!
हळदसुद्धा नवी नाही, डब्याच्या तळाची!"
समोरच्या गॅलरीतल्या बाई हसल्या.
मीही हसले. मनात म्हटलं, डोळे.
पुढच्या महिन्यात डॉक्टर बदलून बघू.

गोळी द्यायच्या निमित्तानं खाली उतरले.
त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले,
मान त्यांच्यासारखी तिरकी केली.
ते माझ्या डोक्यावरून गेलं
आणि पिवळं होतं.
बांडगुळाच्या फुलाला लोंबकळून
त्यानं पंख मिटले,
तेव्हा कडेचे ठिपके एकेक करून मोजता आले, तांबडेलाल.
उडालं की पाठ पांढरी. तीही खरीच.
तिसऱ्या मजल्याला पाठच दिसते
आणि तिथून मी इतकी खात्रीनं ओरडत होते.

मी काही बोलले नाही.
त्यांनीही विचारलं नाही, दिसलं का म्हणून.
खिशातून जुनी शेडची वही काढली,
कंपनीचं नाव पुसट झालेली,
आणि माझ्या डाव्या कानाकडे बघत म्हणाले, लिही.
अकरा फेब्रुवारी. मागच्या खेपेपेक्षा नऊ दिवस आधी.
पिवळा, तीन भाग. भगवा, अर्ध्याहून कमी.
काळा टिपकागदानं टिपल्याइतका.
"आणि लाल?"
ते बराच वेळ फांदीच्या शेजारच्या
रिकाम्या आकाशात बघत राहिले.
"लाल राहू दे आज.
तो अजून एकदा बघावा लागेल."

वर बादलीत पिळलेले कपडे
तसेच पडले होते.